सूर्यफूल लावून रानातलं शिसं जाईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाल्याकाठी दोन एकर काळं रान, वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत. दहा-बारा वर्षं नाल्याच्या पाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर निघाली. आता मुलानं माती तपासून आणली. अहवालात शिसं १४०, कॅडमियम २.४, क्रोमियम १८०, जस्त ३१०, सगळे आकडे किलोला मिलिग्रॅममध्ये. सामू (पीएच) ८.१. कुणीतरी सांगितलं की सूर्यफूल, मोहरी, बांबू, वाळा अशी झपाट्यानं वाढणारी झाडं लावा, ती जड धातू ओढून घेतात, तीन वर्षांत जमीन साफ होते. हे खरं का? आणि नदीतली जलपर्णीही धातू शोषते म्हणतात, मग तिचं खत रानात टाकलं तर चालेल का?

तीन वर्षांत साफ होणार नाही. तीस वर्षांतही होणार नाही. पण म्हणून झाडं निरुपयोगी आहेत असं नाही. तुम्ही त्यांच्याकडून जे काम मागताय ते त्यांचं नाही, दुसरं एक काम त्या झाडांना चांगलं जमतं. त्याच्याकडे येतो, आधी हिशेब.

एक एकर, वरची वीतभर म्हणजे २० सेंटिमीटर माती. तिचं वजन साधारण १,००० टन भरतं. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण त्यानं सगळं सोपं होतं: अहवालात किलोला १ मिलिग्रॅम धातू असेल, तर एकरात तो धातू १ किलो आहे. म्हणजे तुमच्या एका एकरात कॅडमियम जेमतेम अडीच किलो, शिसं १४० किलो. अडीच किलो हे ऐकायला किती थोडं वाटतं! पण ते हजार टनांत कालवलेलं आहे.

आता सूर्यफूल. चांगलं आलं तर एकरी ३ टन सुका पाला-ताट धरा. तुमच्यासारख्या चुनखडीच्या काळ्या रानात त्या पाल्यात कॅडमियम किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंत आलं तरी मी खूश होईन. तीन हजार किलो गुणिले तीन मिलिग्रॅम, म्हणजे ९ ग्रॅम. वर्षात दोन पिकं घेतली तर १८ ग्रॅम. तुम्हाला २.४ वरून १ वर यायचं असेल तर एकरी १,४०० ग्रॅम काढायचंय. भागाकार करा, ७८ वर्षं. शिशाचं तर विचारूच नका. शिसं मुळाशीच अडकतं, पाल्यात ५ मिलिग्रॅम धरलं तर पिकाला १५ ग्रॅम, वर्षाला ३०. १४० वरून ५० वर यायला ९० किलो काढावं लागेल. तीन हजार वर्षं. सातवाहनांनी पैठणात बसून पहिली पेरणी केली असती, तरी अजून नऊएकशे वर्षं उरली असती.

हा हिशेब मी प्रत्येकाला करायला लावतो, आणि यात एक मेख आहे. झपाट्यानं वाढणं हा फक्त एक गुणक झाला. दुसरा गुणक म्हणजे झाडाच्या जमिनीवरच्या भागात धातू किती चढतो. जी झाडं भराभर वाढतात ती बहुधा धातू वर घेत नाहीत, आणि जी धातू भरभरून घेतात ती बहुतेक वीतभर उंचीची, वर्षानुवर्षं रखडत वाढणारी असतात. गेली तीसेक वर्षं या शास्त्रातली निम्मी खटपट हे दोन गुण एका झाडात आणण्यासाठीच चालली आहे.

मग सूर्यफुलाचं नाव एवढं का झालं? ते चेर्नोबिलवरून आलं. १९९०च्या दशकात तिथल्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवली, मुळं थेट पाण्यात सोडलेली, आणि त्यांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्राँशियम झपाट्यानं ओढलं. बातमी जगभर गेली. त्यातला ‘पाण्यात’ हा शब्द वाटेत गळून पडला. पाण्यात मूलद्रव्य सुटं असतं, मुळाला फक्त तोंड उघडायचं असतं. मातीत ते चिकणमातीच्या कणाला घट्ट धरून बसलेलं असतं. २०११ मध्ये फुकुशिमानंतर जपानी लोकांनी मोठ्या आशेनं शेतात सूर्यफुलं लावली. त्यांच्याच कृषी मंत्रालयानं मोजलं तेव्हा सूर्यफुलानं मातीतल्या सीझियमचा सुमारे दोन हजारावा भाग उचललेला निघाला. शेवटी तिथं वरची काही सेंटिमीटर माती खरवडून काढणंच कामाला आलं.

तुमच्या मातीबद्दल आता जरा सविस्तर, कारण प्रयोगशाळेचा कागद वाचताना लोक इथंच घाबरतात किंवा इथंच बेफिकीर होतात.

तो आकडा ‘एकूण’ धातूचा आहे. माती तीव्र आम्लात उकळून जे जे निघालं ते सगळं मोजलेलं. मुळाला त्यातला किती मिळतो हा वेगळा प्रश्न, आणि त्यासाठी डीटीपीए नावाच्या द्रावणानं काढलेला ‘उपलब्ध’ आकडा मागावा लागतो. खताच्या शिफारशीसाठी जस्त-लोह तपासतात तीच पद्धत, त्यामुळे माती परीक्षण करणाऱ्या बऱ्याच ठिकाणी होते. सामू ८च्या वर, चुनखडी भरपूर, चिकणमाती साठ टक्क्यांपर्यंत अशी आपली काळी जमीन कॅडमियम आणि शिसं आवळून धरते. धातू काढायचे म्हटलं तर ही अडचण. पण भाजीत कमी उतरतात, हे नशीब. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत हाच २.४चा आकडा असता तर मी आजच पालक उपटायला सांगितला असता.

क्रोमियमच्या १८०नं तर मुळीच दचकू नका, निदान अजून नाही. दख्खनच्या काळ्या दगडातच क्रोमियम, निकेल, तांबं मुळात जास्त आहे, आणि आपली माती त्याच दगडाची झालेली आहे. नाल्याचं थेंबभर पाणी न लागलेल्या रानातही शंभरच्या वर क्रोमियम सापडतं. शिवाय क्रोमियमची दोन रूपं. तिसंयुजी रूप मातीत जवळजवळ दगडासारखं पडून राहतं. षट्‌संयुजी रूप पाण्यात विरघळतं, विहिरीपर्यंत जातं आणि कर्करोगकारक आहे. एकूण क्रोमियमच्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. षट्‌संयुजी क्रोमियम विहिरीच्या पाण्यात तपासा, मातीत नंतर बघू.

जस्त ३१० मात्र दगडातून आलेलं नाही. जस्त, कॅडमियम आणि शिसं तिन्ही एकदम चढलेले दिसले की मला मुलामा देण्याचे कारखाने, भंगार, जुन्या बॅटऱ्या यांचा वास येतो. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच, जिथं जस्त जातं तिथं ते मागोमाग जातं. युरोपात सांडपाण्याचा गाळ टाकायच्या शेतजमिनीसाठी १९८६पासून मर्यादा ठरलेल्या आहेत: कॅडमियम १ ते ३, शिसं ५० ते ३००, जस्त १५० ते ३००. त्या पट्टीनं तुमचं रान काठावर आहे. दूषित म्हणायचं, पण मेलेलं नाही.

आता जी झाडं खरोखर धातू खातात त्यांच्याबद्दल, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी हा भाग मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यू कॅलेडोनिया बेटावर पिकनँड्रा अॅक्युमिनाटा नावाचा एक वृक्ष आहे. त्याची साल खरवडली की निळसर हिरवा चीक गळतो आणि तो वाळवला तर वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं निकेल भरतं. १९७६ साली हे जगाला कळलं. युरोपातल्या जस्ताच्या खाणींजवळ मोहरीच्या कुळातलं वीतभराचं एक रोप उगवतं, त्याच्या पानात जस्त टक्क्यात मोजावं लागतं. त्याचं कॅडमियमला सर्वांत हावरट वाण दक्षिण फ्रान्समधल्या ज्या गावाजवळचं आहे, त्या गावाच्या नावाचं स्पेलिंग आपल्या गंगेच्या इंग्रजी नावासारखंच आहे. त्यामुळे शोधनिबंध वाचून ‘गंगेकाठचं रोप’ शोधत निघालेले लोक मी पाहिलेत.

आणि एक नेचा आहे, टेरिस व्हिटाटा. जुन्या वाड्यांच्या ओल्या भिंतीत, बांधीव विहिरीच्या चुन्याच्या दरजांत लांब पात्यांचा जो नेचा लोंबताना दिसतो, त्यात हा बहुधा असतोच. चुना आवडतो त्याला. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लाकूड टिकवण्याची रसायनं वापरल्यामुळे आर्सेनिकनं बरबटलेल्या एका जागेवर तो खुशाल वाढताना आढळला आणि २००१ मध्ये लेना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की त्याच्या सुक्या पानात २ टक्क्यांहून जास्त आर्सेनिक साठू शकतं. दुसरं झाड एवढ्यात कधीच मेलं असतं. युक्ती अशी की आर्सेनिक हे मुळाला स्फुरदासारखं दिसतं. स्फुरदाच्या दारातून ते आत शिरतं आणि नेचा त्याला पेशीतल्या कोठारात कोंडून ठेवतो. कॅडमियमही असंच, जस्ताच्या दारातून घुसतं. झाडाला कॅडमियम हवंच नसतं, फक्त त्याचा दरवान चेहरा नीट ओळखत नाही.

आपल्या बांधावरची कामुनी, ती काळ्या बारक्या फळांची, तीही कॅडमियम साठवणाऱ्यांत गणली जाते. चिनी संशोधकांनी त्यावर बरंच काम केलंय. तुमच्या रानात ती असणारच. पोरांना तिची फळं खाऊ देऊ नका.

झपाट्यानं वाढणाऱ्या पिकानं खरंच काम केल्याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण जपानचं आहे, आणि ते पीक म्हणजे भात. चोकोकोकू नावाचा उंच, इंडिका जातीचा एक जुना भात ताटात कॅडमियम भरपूर चढवतो. दूषित खाचरं कोरडी करून, पाणी न भरता, तो दोन वर्षं घेतला. हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम निघालं, मातीतलं एकूण कॅडमियम ३८ टक्क्यांनी उतरलं आणि नंतर लावलेल्या खायच्या भाताच्या दाण्यातलं ४७ टक्क्यांनी. एकरात धरलं तर दोन वर्षांत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वर मांडलेल्या सूर्यफुलाच्या जवळजवळ दहापट. हे जमलं कारण धातू एकच, तोही हलका साठलेला, जात खास शोधून काढलेली, आणि खाचर कोरडं केल्यानं गंधकाशी बांधलेलं कॅडमियम मोकळं झालं. पण त्याच जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी, जिथं खाणीच्या कॅडमियमनं माणसांची हाडं ठिसूळ होऊन ‘इताई-इताई’ हा रोग झाला, तिथं झाडांवर भरवसा ठेवला नाही. १९७९ ते २०१२ अशी तेहतीस वर्षं खपून ८६३ हेक्टरांवर दूषित थर बाजूला करून नवी माती घातली. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या, आणि दोन्ही शहाणपणाच्याच.

शिशासाठी एक जादू सांगणारे लोक भेटतील, म्हणून आधीच सांगतो. मोहरीला ईडीटीए नावाचं रसायन पाजायचं, ते मातीतलं शिसं सोडवतं, मोहरी ते वर ओढते. १९९०च्या दशकात कुंड्यांमध्ये मोहरीच्या पाल्यात १ टक्क्याच्या पुढं शिसं चढवून दाखवलं गेलं. कुंडीला खालून बशी असते, शेताला नसते. सोडवलेल्या शिशातलं थोडं झाड घेतं, उरलेलं पहिल्या मोठ्या पावसात खाली विहिरीकडे निघतं, आणि ते रसायन मातीत महिनोन्‌महिने विरत नाही. हे कुणी तुमच्या रानात करायला निघालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

समजा झाडानं धातू घेतला. मग त्या झाडाचं काय करायचं? धातू जळत नाही, कुजत नाही, फक्त जागा बदलतो. प्रकल्पाच्या कागदावर ‘कापणी’पर्यंत सगळं रंगीत असतं आणि ‘विल्हेवाट’ला एक ओळ.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. एका कारखान्यामागच्या दहा गुंठ्यांवर आम्ही सूर्यफूल आणि मोहरी केली होती. सूर्यफूल पुरुषभर वाढलं, फोटो काढले, पाहुणे येऊन बघून गेले. नोव्हेंबरात कापून कुंपणाजवळ गंजी लावली. ती घातक कचरा म्हणून पाठवायची की नाही, गाडीचा खर्च कुणी करायचा, यावर दोन महिने पत्रं फिरली. तोवर कुंपणाला भगदाड पाडून शेळ्यांनी अर्धी गंजी फस्त केली आणि उरलेली डिसेंबरच्या थंडीत रखवालदारानं रोज रात्री थोडी थोडी शेकोटीला घातली. आम्ही मातीतून मोजून मापून काढलेलं कॅडमियम काही शेळ्यांच्या मूत्रपिंडात गेलं, काही त्या म्हाताऱ्याच्या छातीत. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, धुरात सहज निघून जातं. मी त्या वर्षी वहीत पहिली ओळ लिहिली: गंजी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय बी टोकायचं नाही.

म्हणून तुमच्या रानातलं ताट-धसकट गुऱ्हाळाच्या चुलवणात, वीटभट्टीत किंवा घरच्या चुलीत घालायचं नाही. कंपोस्ट करू म्हणाल तर तिथंही गणित उलटतं. कुजताना वजन निम्म्यावर येतं, धातू तेवढाच राहतो, म्हणजे पाल्यातले ३ मिलिग्रॅम खतात ६ होतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा ५ आहे.

जलपर्णीचं उत्तर यातच आलं. पुण्याच्या नद्यांपासून उजनीपर्यंत आणि तिकडे पंचगंगेत ती जी माजते ती धातूंमुळे माजत नाही, मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर माजते. दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. धातू ती खरंच धरते, आणि बहुतेक मुळांच्या त्या काळ्या झुपक्यात धरते. पाण्यातून धातू काढायला ती कामाची आहे, पण ती वेळेवर बाहेर काढली तरच. नदीतच कुजू दिली की सगळं परत पाण्यात आणि तळाच्या गाळात. तुम्ही ती रानात आणणार म्हणजे नदीतला धातू पदरमोड करून आणि भाडं देऊन आपल्या बांधात आणणार. स्वच्छ तळ्यातली असेल तर उत्तम खत होतं. कारखान्याखालच्या नदीतली असेल तर तयार खताची धातूंची तपासणी झाल्याशिवाय ट्रॉली आत घेऊ नका. मुळं तोडून फक्त वरचा भाग वापरला तर धोका बराच घटतो, पण एवढी निगुतीनं कोण तोडतं!

आता तुमच्या दोन एकरांचं. आधी नाल्याचं पाणी बंद. हे झालं नाही तर बाकीचं लिहिलेलं सगळं वाया. वर्षाला झाड १८ ग्रॅम काढणार आणि नाला त्याहून जास्त आणून टाकणार, हे मी अनेक ठिकाणी मोजून पाहिलंय. पाण्याचे नमुने दिवसाढवळ्या एकदाच घेऊन उपयोग नाही, रात्री आणि पहिल्या पावसाच्या आदल्या-मागल्या दिवशी घ्या, सोडणारे त्याच वेळी सोडतात. त्या आकड्यांसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार आणि पोच.

पालेभाजी थांबवा. पालक आणि मेथीसारखा पाला कॅडमियम सर्वांत जास्त घेतो. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं, त्यांची पालेभाजीसाठीची मर्यादा ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ०.३ शिसं अशी आहे. एकदा तुमचाच पालक तपासून बघा, पण दोन वाटे करून: एक तसाच, एक तीन पाण्यांनी धुतलेला. शिसं बहुतेक धूळ आणि उडालेल्या चिखलातून पानावर बसतं, धुतल्यावर बरंच उतरतं. कॅडमियम पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही. दोन आकड्यांतला फरकच सांगेल की तुमचा त्रास मुळातून आहे की रस्त्यावरून. शेंगा आणि वेलवर्गीय फळांत पाल्याच्या मानानं धातू कमी उतरतो, पण तपासल्याशिवाय विकू नका.

नेपियर, गजराज वगैरे चारा तर बिलकूल नको. हेच गवत सगळ्यांत आधी सुचवलं जातं, कारण ते खरंच झपाट्यानं वाढतं. पण चाऱ्याची गाठ माझ्या त्या शेळ्यांशी पडते.

पैसा येत राहावा म्हणून जे तोंडात जात नाही ते लावा. झेंडू, शेवंती. कापूस. एरंड, ज्याच्या तेलात धातू जवळजवळ उतरत नाहीत. पेंड मात्र खत म्हणून परत रानात घालताना तपासून. सुगंधी गवतांचं तेल वाफेनं काढतात आणि धातू वाफेबरोबर येत नाहीत, म्हणून रोशा चांगला. खानदेशात एके काळी त्याच्या तेलाचं मोठं नाव होतं. गवती चहा तेलासाठी ठीक, पण त्याची पाती कुणीतरी खुडून आधणात टाकणार हे गृहीत धरा, म्हणून मी टाळतो. बांबू चालतो, कोवळे कोंब भाजीला न्यायचे नाहीत एवढं पाळलं तर.

आणि झाडांना जे काम खरंच जमतं ते इथं आहे: धातू काढणं सोडा, धरून ठेवणं. धूळ उडू न देणं, माती वाहू न देणं, पाणी खाली झिरपण्याआधी पिऊन टाकणं. नाल्याच्या अंगाला बांधावर वाळ्याच्या दोन ओळी, वीतभर अंतरानं. मुळं चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, आडवी फारशी पसरत नाहीत, त्यामुळे शेजारच्या पिकाला त्रास नाही. धातू बहुतेक मुळातच राहतो, पात्यात थोडाच येतो, हे आपल्या सोयीचं. एक धोका मात्र लक्षात ठेवा. वाळ्याच्या मुळांना बाजार आहे, आणि उन्हाळ्यात ती मुळं लोक माठात टाकतात. या बांधावरचा वाळा खणून विकायचा नाही. घरच्या मंडळींना, गड्याला, वाटेकऱ्याला हे स्पष्ट सांगून ठेवा. गोव्यातल्या खाणींच्या डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि काजू लावले ते याच विचारानं, गाळ खालच्या शेतात उतरू नये म्हणून. लोह-मँगनीज शोषून डंप साफ व्हावा ही अपेक्षा तिथं कुणी ठेवली नव्हती.

शेणखत आणि स्वच्छ कंपोस्ट दरवर्षी भरपूर घाला, सेंद्रिय कण धातूला धरतात. चुना कोकणात उपयोगी, तुमच्या ८.१ सामूला त्याची गरज नाही. झिंक सल्फेट टाका, कॅडमियम कमी चढेल, असाही सल्ला मिळेल. जस्ताची उणीव असलेल्या जमिनीत तो बरोबर आहे. तुमच्याकडे जस्त आधीच ढीगभर आहे, पैसे वाचवा. आणि सामू खाली आणणारं काहीही, म्हणजे गंधक किंवा मळी, या रानात माझ्याशी बोलल्याशिवाय घालू नका. आवळलेली मूठ सुटेल.

एवढं करूनही मूळ अहवालावर माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही, कारण नमुना कसा घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही. परत घ्या. नाल्याकडची पट्टी आणि वरची पट्टी वेगळी धरा, दोन्ही एकत्र मिसळू नका. माझा अंदाज आहे की घाण नाल्यालगतच्या वीस-पंचवीस गुंठ्यांत आहे आणि उरलेलं रान ठीक निघेल. प्रत्येक पट्टीत नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा, कडेची पातळ चकती. सगळी माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात कालवायची, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. पत्र्याची बादली वापरू नका, तिच्यावरचं जस्त नमुन्यात येतं. चकाकणारं स्टीलचं खुरपंही नको, त्यात क्रोमियम आणि निकेल असतं. जुनं गंजकं लोखंडी खुरपं चालेल. आणि तिसरा नमुना शेजाऱ्याच्या अशा रानाचा घ्या जिथं तीच काळी माती आहे पण नाल्याचं पाणी कधीच चढलेलं नाही. तिन्हींचे एकूण आणि डीटीपीए दोन्ही आकडे मागा, विहिरीच्या पाण्याचा अहवाल सोबत जोडा, आणि मृगाच्या आधी पाठवा. पेरणीचं काय ते त्यावरून ठरवू.